मागावं लागू नये अशी खोली

"साखळीहून पणजी ती केवढी? हॉस्टेल कशाला हवं?" लेकीचं कॉलेज ठरलं तेव्हा आमच्या वाड्यावर, देवळात, बाजारात जो भेटेल तो हेच विचारायचा. विचारणाऱ्यांचं चुकत नव्हतं. गोवा सारा मिळून ३,७०२ चौरस किलोमीटरचा. पेडण्याची मुलं म्हापशाला शिकतात आणि दिवेलागणीला घरी असतात. काणकोणची मडगावला जातात आणि रात्री घरच्याच ताटात जेवतात. शिकायला घर सोडायचं म्हणजे पुणं, मुंबई नाहीतर बेळगाव, असा आपल्याकडे समज. त्यात आमच्या लेकीला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर आलेली मर्यादा. जिला घराची गरज सगळ्यात जास्त, तिलाच हे लोक घराबाहेर ठेवायला निघालेत, असं सगळ्यांना वाटत होतं. नणंदेने तर तोंडावरच विचारलं, "वहिनी, तिथे तिचं करणार कोण?"

हा दुसरा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. जागा बघत फिरलो तेव्हा सगळीकडे तोच बरोबर घेऊन फिरलो.

लेकीबद्दल आधी थोडं सांगते. नाव घालायचं नाही या अटीवर तिने लिहायला होकार दिलाय. घरात ती क्रचेसवर चालते, लांबचं अंतर असेल तर व्हीलचेअर घेते. हातांत ताकद चांगली आहे, पण उजव्या हाताची बोटं बारीक कामाला लगेच वळत नाहीत. पायांचे स्नायू ताठरतात आणि थकल्यावर किंवा गारठ्यात जास्तच ताठरतात. दोन पायऱ्या चढायला आपल्याला काही लागत नाही. तिला त्यासाठी आधी थांबावं लागतं, श्वास घ्यावा लागतो, कठडा कुठल्या हाताला आहे ते बघावं लागतं. आता साखळीहून सकाळची बस धरायची, तिची पहिली उंच पायरी चढायची, पणजीच्या स्टँडवर उतरून दुसरी बस बघायची, संध्याकाळी हेच सगळं उलट करायचं. येऊन-जाऊन सत्तर किलोमीटर. गाडी लावली असती तर पैशांचा प्रश्न होताच, पण पैसे असते तरी दोन-अडीच तास एका जागी बसून तिचे पाय आखडलेच असते. दिवसभरात तिच्या अंगात जेवढी ताकद असते ती रस्त्यावर घालवायची की वर्गात, एवढाच हिशोब होता. तो तिने स्वतः मांडला आणि आम्हाला पटला.

म्हणून जागा बघायला लागलो. आणि जिथे जाऊ तिथे एकच उत्तर यायला लागलं, "काळजी करू नका, तळमजल्याची खोली देतो."

मुलीला जिने चढता येत नाहीत असं कळलं की समोरच्याच्या डोक्यात पहिलं हेच येतं. त्यात चांगुलपणा असतो हे मान्यच आहे. पण तळमजल्याची खोली दिली की प्रश्न मिटला असं त्याला वाटतं आणि तो पुढचं ऐकेनासा होतो. एका ठिकाणी खोली तळमजल्यावर होती, पण व्हरांड्यात यायला तीन पायऱ्या. त्यांना पायऱ्यांबद्दल विचारलं तर बाजूचा उतार दाखवला. तो उतार स्कूटर आत घेण्यासाठी केलेला, सिमेंटचा, छातीवर येणारा. व्हीलचेअरच्या उताराचं माप ठरलेलं आहे, १:१२, म्हणजे एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी हवी. तो उतार दोन फूट उंचीला जेमतेम पाच फूट लांब असेल. ढकलणारा माणूस दणकट असला तर चढेलही, पण उतरताना खुर्ची हातातून सुटली तर मूल समोरच्या गटारात. दुसऱ्या जागी सगळं सपाट होतं, फक्त खोलीच्या दाराला चार इंचाचा दगडी उंबरठा. तिसऱ्या जागी खोली उत्तम, पण मेस वरच्या मजल्यावर. "डबा खाली पाठवू ना," म्हणाले. रोज तिन्ही वेळा एकटीनेच खोलीत जेवायचं, हे त्यांना त्यात दिसलंच नव्हतं.

जागा आम्ही मुद्दाम पावसात बघितल्या. गोव्यात घर बघावं ते जुलैत. मे महिन्यात कोणतीही फरशी कोरडी आणि कोणताही व्हरांडा मोकळाच दिसतो. जुलैत चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, टाईल्स घामेजतात, पागोळ्यांचं पाणी वाऱ्याने व्हरांड्यात येतं आणि क्रचेसच्या टोकाचे रबर जरा झिजलेले असले की भर चालण्यात काठी सरकते. एका हॉस्टेलच्या दारातली राखणदारीण आम्हाला बघून म्हणाली, "पावसांत हांगा निसरता गो बाय, सांबाळून यो." वॉर्डनने दिलेल्या सगळ्या माहितीपेक्षा मला तिचं ते एक वाक्य कामाचं वाटलं. ओलसरपणाचा आणखी एक त्रास बाहेरच्यांना सुचत नाही. लेकीला रात्री पायात स्प्लिंट घालावे लागतात. पावसाळ्यात त्यांचे पट्टे वाळत नाहीत, वास मारतात, कातडीला पुरळ येतं. म्हणून वारा खेळणारी खिडकी आणि पंख्याखाली थोडी मोकळी जागा आमच्या यादीत वरच्या बाजूला होती.

पण बाथरूम बघितल्याशिवाय यादीतल्या कशालाच अर्थ नव्हता. खोल्या दाखवणारे लोक बाथरूम शेवटी दाखवतात, तेही दार अर्धं उघडून. आम्ही तिथूनच सुरुवात करायचो.

पिशवीत सुताराची टेप असायची. तिची व्हीलचेअर चाकांसकट पंचवीस इंच रुंद. बाथरूमचं दार चौकटीसकट अडीच फूट म्हणतात, पण दार पूर्ण उघडत नाही, बिजागरी इंच-दीड इंच खाते आणि प्रत्यक्षात सव्वीस इंच उरतात. कागदावर खुर्ची जाते. प्रत्यक्ष जाताना चाक फिरवणाऱ्या बोटांची सालं निघतात. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर सांगितलीय, म्हणजे पस्तीस इंचांच्या आसपास. खुर्ची आत वळवायची तर १५०० मिलिमीटरचं वर्तुळ मोकळं हवं. आपल्याकडच्या हॉस्टेलच्या बाथरूममध्ये एवढ्या जागेत बादली, पिंप, कपड्यांचा साबण आणि केरसुणी सुखाने नांदत असतात.

मग दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघायचं. आत उघडणारं दार असेल आणि मुलगी आत पडली, तर तिच्याच अंगाला दार अडकतं आणि बाहेरच्याला ते लोटता येत नाही. दार बाहेर उघडायला हवं. कडी कुठे आहे तेही महत्त्वाचं. आपल्याकडे दाराची कडी डोक्याच्या वर बसवायची पद्धत. दोन्ही हातांत क्रचेस असलेली मुलगी ती कशी लावणार? म्हणजे अंघोळीला बसताना दार आतून लावण्यासाठीही तिला कुणाला तरी बोलवावं लागणार, नाहीतर नुसतं ओढून घेऊन, कुणी येईल का या धास्तीत अंघोळ करावी लागणार. कंबरेच्या उंचीला एक साधी कडी बसवायची, बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी. दीडशे-दोनशे रुपयांचं काम. पण त्याशिवाय अठरा वर्षांच्या मुलीला स्वतःची लाज राखता येत नाही.

आणि बादली. आपल्या अंघोळीची सगळी रचना वाकण्यावर आहे. नळ गुडघ्याशी, बादली जमिनीवर, तांब्या बादलीत. ज्याला वाकता येत नाही त्याला बसायला स्टूल लागतं, आणि प्लास्टिकचं स्टूल ओल्या टाईलवर सरकतं. हातात धरायचा शॉवर, भिंतीत पक्के बसवलेले दोन दांडे, रबरी पायांचं स्टूल आणि खरखरीत फरशी एवढं असलं की लेक स्वतःची अंघोळ स्वतः करते. घरी ती सातवीपासून करतेय. हॉस्टेलच्या बाथरूममध्ये एखादी गोष्ट नसली की तेवढ्यासाठी तीच मुलगी परावलंबी होते. तिच्या पायांत रातोरात काहीच बदललेलं नसतं.

हे बघताना नणंदेच्या प्रश्नाचं आम्हाला वेगळंच रूप दिसायला लागलं. तिचं करणार कोण, हे विचारण्याआधी या जागेत तिला दिवसातून किती वेळा दुसऱ्याकडे मागावं लागेल, हे मोजायला हवं होतं. मी वहीत जागांची नावं लिहिली आणि प्रत्येकीसमोर मागण्याच्या गोष्टी लिहीत गेले. दार उघड. कडी लाव. ताट टेबलावर आणून दे. वरचा स्विच दाब. खुर्ची पायरीवरून उतरव. जिथे ही रांग लांब झाली ती जागा, मग भाडं कितीही कमी असो आणि लोक कितीही प्रेमळ असोत, बाद.

मी एका मुद्द्यावर अडून होते. सांताक्रूझला आमचे जवळचे नातेवाईक आहेत. लिफ्टची इमारत, स्वतंत्र बाथरूम, घरचं जेवण आणि बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर. मला तर ती जागा देवाने पाठवल्यासारखी वाटत होती. लेकीला नको होती. "मामी खूप चांगल्या आहेत, पण तिथे मी पाहुणी," म्हणाली. मग मी दुसरा मार्ग काढला. हॉस्टेलच घे, पण आपल्या ओळखीची एखादी मुलगी तुझ्या खोलीत राहील, तिला सगळं सांगून ठेवू. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "आई, मैत्रिणीकडे मी नोट्स मागेन, तिच्याशी भांडेन, तिच्या डब्यातलं खाईन. पण रोज सकाळी तिला माझ्या बाथरूमच्या दारात उभं करायचं असेल, तर ती मैत्रीण कशी राहील?"

त्या वाक्यानंतर मी सांताक्रूझ सोडलं आणि ओळखीची मुलगीही सोडली. पालकांनी याचा खरोखरच विचार करावा असं मला वाटतं. आपण रूममेटला 'जरा लक्ष ठेव हं' म्हणून निर्धास्त होतो. ती विशीतली पोर. तिला तिचा अभ्यास आहे, आजारपण आहे, कधी घरी जाण्याची ओढ आहे. चतुर्थीला ती चार दिवस आधी गावी गेली तर आपली मुलगी काय करणार? ज्यांना अंगाला हात लावून मदत लागते त्यांच्यासाठी पगारी मदतनीस हवी, तिचं येणं-जाणं संस्थेने मान्य केलेलं हवं आणि तिला थांबायला जागा हवी. मैत्रीवर हा भार टाकू नये.

कायद्याचं आता सांगते, कारण मला तो वेळेवर उपयोगी पडला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ रोजी. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, यात एकवीस आहेत. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखायच्या, हे कलम ३२. ते बहुतेकांना ठाऊक असतं, प्रवेशाच्या वेळी त्याचीच चर्चा होते. कलम १६ फारसं कुणी वाचत नाही. इमारत, परिसर आणि इतर सोयी दिव्यांग विद्यार्थ्यांना वापरता येण्याजोग्या करणं आणि त्या-त्या विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी फेरबदल करणं ही सरकारमान्य शिक्षणसंस्थेची जबाबदारी आहे, असं ते कलम सांगतं. वर्गात जागा दिली आणि राहायला जागाच नसली, तर ती ५ टक्क्यांतली जागा गावातल्या मुलीच्या काय कामाची?

सार्वजनिक इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायला कायद्याने नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ मध्ये निघाले. मुदत केव्हाच संपली. दृष्टिहीन असलेल्या राजीव रतुरी यांनी २००५ साली सुरू केलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं की सुगमतेचे निकष नुसती शिफारस म्हणून ठेवणं कायद्याशी विसंगत आहे, सरकारने बंधनकारक निकष करावेत. त्यासाठी तीन महिने दिले. हे मी कुणाला धाक दाखवायला लक्षात ठेवलेलं नाही. पण "तुमच्या एकटीसाठी कसं करणार?" असं एखादा अधिकारी म्हणतो, तेव्हा आपण मेहरबानी मागत नाही आहोत हे स्वतःला माहीत असलं की आवाज कापत नाही.

आम्हाला तसं म्हणणारे भेटले. जी जागा लेकीला आवडली तिथेच भेटले. हॉस्टेल सपाट जागेवर, मेस खाली, कॉलेज व्हीलचेअरने जाण्याइतकं जवळ. फक्त बाथरूममध्ये वर सांगितलेलं सगळं उणं. पहिला अर्ज आम्ही डॉक्टरच्या सर्टिफिकेटसकट दिला, यूडीआयडी कार्डाची, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्राची, प्रत जोडली. उत्तर आलं की संस्था अशा विद्यार्थिनीची जबाबदारी घेऊ शकत नाही. मग लेकीने स्वतः दुसरा अर्ज लिहिला. त्यात आजाराचं नाव पहिल्या ओळीत नव्हतंच. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं हवं, मोकळी रुंदी इतकी. कमोडच्या बाजूला दांडा, जमिनीपासून इतक्या उंचीवर. कडी कंबरेच्या उंचीला. पलंग अठरा ते वीस इंच, व्हीलचेअरच्या बैठकीशी बरोबरीचा. शेवटी कलम १६ चा उल्लेख. सेरेब्रल पाल्सी वाचलं की माणूस घाबरतो. मापं वाचली की तो सुताराला बोलावतो. गवंडी आणि सुतार मिळून आठवडाभरात काम झालं. दांडे मात्र त्यांनी आधी नुसते स्क्रूने टाईलवर बसवले होते. तिने एकावर सगळा भार टाकून दाखवला तेव्हा तो हातात आला, आणि मग भिंतीत खोल पक्के झाले. पालकांनी दांडा नुसता बघून येऊ नये, त्याला लोंबकळावं.

गरज प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून आमची यादी कुणी तशीच उचलू नये. फिट्स येणाऱ्या मुलाला बंक बेडची वरची जागा देऊ नये आणि बाथरूम बाहेरून उघडता यायला हवं. मधुमेहाच्या मुलाला इन्शुलिनसाठी फ्रिज हवा, आणि पावसात तासन्‌तास लाईट गेली की तो फ्रिज कशावर चालतो ते विचारावं. लिफ्टचंही तेच. जनरेटर लिफ्टला जोडलेला आहे का? आणि आग लागली तर लिफ्ट वापरायची नसते, मग वरच्या मजल्यावरच्या मुलीला खाली कोण आणि कसं आणणार, हे आधीच ठरलेलं हवं. कमी दिसणाऱ्याला पायऱ्यांच्या कडेला ठळक रंगाची पट्टी पुष्कळ मदत करते. ऑटिझम असलेल्या मुलाला कदाचित रॅम्प लागणारच नाही, पण मेसमधला भांड्यांचा आदळआपट आवाज सोसवणार नाही. त्याला गर्दी नसलेल्या वेळी जेवण आणि एकट्याची खोली हवी असेल. ऐकू न येणाऱ्याला धोक्याची घंटा दिसायला हवी, म्हणजे लुकलुकणारा दिवा.

ताळगाव पठारावरचं गोवा विद्यापीठाचं संकुल ज्यांनी आखलं, त्या चित्रकार आणि वास्तुरचनाकार सतीश गुजराल यांचं ऐकणं लहानपणीच गेलं होतं. लेकीला हे कळलं तेव्हा ती कितीतरी वेळ त्यांच्याबद्दल वाचत होती. मला त्यातून वाटलं ते हे की हॉस्टेल बांधताना, निदान दुरुस्त करताना, अशा मुलांना नकाशासमोर बसवावं. त्यांना जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही. पणजीत जानेवारी २०२३ मध्ये पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाला तेव्हा लेकीला घेऊन गेले होते. एवढ्या व्हीलचेअर, पांढऱ्या काठ्या, हातांनी बोलणारी मुलं एका ठिकाणी तिने कधी बघितली नव्हती. परत येताना गाडीत ती म्हणाली, "आज मला कुणी वळून बघितलं नाही." गोव्याला हे जमतं, हे तिथे दिसलं. ते तीन दिवसांचं होतं. रोजच्या अंघोळीच्या वेळीही ते जमायला हवं.

तळमजल्याबद्दल एक राहिलं. बाथरूम झालं, खोली मिळाली, तेव्हा लक्षात आलं की खाली ऑफिस, स्टोअर आणि पाहुण्यांची खोली. मुली सगळ्या वर. रात्री दहानंतर खालच्या मजल्यावर लेक आणि राखणदारीण एवढ्याच. तिची सोय झाली होती, पण हॉस्टेल ज्यासाठी हवं होतं ते सगळं वर चाललं होतं. हसणं, गाणी, परीक्षेच्या आदल्या रात्रीचा चहा. याबद्दल अर्जात लिहायला कलम नाही. तिने वॉर्डन बाईंना सरळ विचारलं की स्टोअर मागे हलवून ती खोली वरच्या दोघींना देता येईल का. बाईंनी वरच्या मुलींना विचारलं. दोघींनी आपणहून हात वर केला, एक वाळपईची आणि एक सावर्ड्याची. त्यांना तिची मदत करायला ठेवलेलं नाही, हे बाईंनी त्यांना स्वच्छ सांगितलं, आणि ते सांगितलं म्हणून मला बाईंचा आदर वाटतो.

आता वहीतल्या त्या रांगेत दोनच गोष्टी उरल्यात. मेसमधलं ताट अजून तिला कुणाकडून तरी टेबलावर आणून घ्यावं लागतं. मेसमधल्या मावशी ते न सांगता आणून देतात, पण त्या रजेवर असल्या की अडतं. चाकांच्या छोट्या ट्रॉलीबद्दल तिने विचारून ठेवलंय. दुसरी गोष्ट वरच्या मजल्यावरची टीव्हीची आणि खेळायची खोली. ती खाली आणायचा अर्ज या वेळी तिच्या एकटीचा नाही, हॉस्टेलमधल्या बऱ्याच मुलींच्या सह्या त्यावर आहेत. उत्तर अजून आलेलं नाही. तोवर गॅदरिंगच्या नाटकाच्या तालमी खालच्या व्हरांड्यात होतात, आणि रात्री नऊला फोन केला तर लेक उचलत नाही.